सिस्टरच्या घरचा भोंगा

सिस्टरच्या घरात चोरण्यासारख्या दोनच वस्तू होत्या. एक पितळेचं घंगाळ, आणि दुसरा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ, जो न्यायचा तर चोराला सोबत हमाल आणावा लागला असता. तरीही धंतोलीच्या त्या गल्लीत चोर पकडायचं यंत्र बसवलेलं घर एकच होतं, आणि ते सिस्टरचं. मी त्या यंत्राचा मेकॅनिक. आज असतो तर मला सर्व्हिस इंजिनियर म्हणाले असते, पण तेव्हा आयटीआय झालेल्या पोराला कोणी इंजिनियर म्हणत नसे. सिस्टर तर मेकॅनिकही म्हणत नसत. त्या मला ‘घंटीवाला’ म्हणायच्या, आणि तेही चारचौघांत, मोठ्याने.

ही ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. नागपुरात नुकतेच रंगीत टीव्ही येऊ लागले होते, आणि ज्या घरी टीव्ही यायचा त्या घरी मागोमाग चोराची भीतीही यायची. त्या भीतीवर आमची कंपनी चालत होती. कंपनी म्हणजे सीताबर्डीत एका जिन्याखालची खोली, शेठ, मी आणि एक टेलिफोन. आम्ही विकायचो ते यंत्र म्हणजे भिंतीवरची पत्र्याची पेटी, दारांना बसवलेले लोहचुंबकाचे तुकडे आणि गच्चीवर एक भोंगा. पेटीची किल्ली फिरवून यंत्र चालू केलं की कुठलंही दार उघडताच भोंगा बोंबलायचा. चोर आला तरी बोंबलायचा, घरमालक आला तरी बोंबलायचा. म्हणून घरच्यांनी दार उघडण्याआधी आठवणीने किल्ली उलटी फिरवायची असे. आणि पुष्कळदा कोणीच आलेलं नसताना, सगळी दारं बंद असतानाही तो बोंबलायचा, पण हे आम्ही विकताना सांगत नव्हतो.

पेटी विकून शेठला फारसं सुटत नसे. खरी मलई पुढे होती. वर्षाच्या सर्व्हिसिंगची फी वेगळी, आणि मध्येच कधी बोलावलंत तर व्हिजिट चार्ज पंचवीस रुपये. त्या काळी धंतोलीतला चांगला डॉक्टरसुद्धा नाडी बघायचे एवढे पैसे घेत नव्हता. पेटीच्या दाराला आतून एक पुठ्ठ्याचं कार्ड अडकवलेलं असे. त्यावर तारीख, तक्रार, कारण आणि ग्राहकाची सही असे रकाने. यातला ‘कारण’ हा रकाना म्हणजे कंपनीचा प्राण. दोष यंत्राचा निघाला तर व्हिजिट फुकट, चूक ग्राहकाची निघाली तर पंचवीस रुपये. शेठने मला पहिल्याच दिवशी मंत्र दिला होता, “मशीन गलती नाही करत गा. आदमी करते. लिहीत जाय.”

सिस्टर सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. तीस-बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली. नवरा लवकर गेला, मग रात्रपाळ्या करकरून त्यांनी धंतोलीत दोन खोल्या आणि एक लांब व्हरांडा बांधला. तेव्हा तिथे मोकळी जागा होती. नंतर डावीकडे एक खाजगी दवाखाना आला, उजवीकडे दुसरा आला, आणि सिस्टरचं घर दोन धष्टपुष्ट पाहुण्यांच्या मध्ये बसलेल्या पोरासारखं चेंगरून गेलं. सावनेर, काटोल, पार यवतमाळपासून रोगी यायचे आणि रोग्यांची माणसं सिस्टरच्या व्हरांड्यात मुक्काम टाकायची. भाडं नाही. अट एकच, चपला ओळीत ठेवायच्या. चपला वाकड्या दिसल्या तर सिस्टर त्या गल्लीत फेकून द्यायच्या, आणि मालकाला शोधायला लावायच्या.

रिटायर झाल्या तरी पदराला उलटं घड्याळ टाचलेलं, पांढरं पातळ आणि आवाज थिएटरमधला. दूधवाला आला तरी आधी त्याची जीभ बघायच्या. पोस्टमनला म्हणायच्या, “खोकला किती दिसाचा आहे? चिठ्ठी मंग दे.” समोरचा माणूस धडधाकट असू शकतो ही गोष्ट त्यांना पटतच नसे.

मी पहिल्यांदा गेलो तो पालीच्या प्रकरणात. भोंगा वाजला म्हणून त्यांनी उजवीकडच्या दवाखान्यातून फोन केला होता. मी पेटी उघडली तर आत दोन तारांच्या मध्ये एक पाल चिकटून मेलेली. मी पालीला चिमट्याने काढलं, कार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘कारण : ग्राहकाच्या घरातील पाल.’

सिस्टरनी चष्मा लावून वाचलं. “हे पाल माही कशी झाली?”

“तुमच्या घरात होती ना, सिस्टर.”

“माह्या घरच्या पाली मले माहीत आहेत. एक मोरीत राहते, एक रेडिओच्या मागं. दोघी जित्या आहेत, जाऊन पाह्य. हे तिसरी कोण?”

“बाहेरून आली असेल.”

“काहून आली?” त्यांनी पेटीवर हात ठेवला. “हात लाव. गरम आहे का नाही? थंडीचे दिवस, तुह्या कंपनीनं भिंतीवर शेगडी पेटवून ठेवली, तं ते ऊब पाहून आत गेली. रस्त्यात खड्डा तुम्ही खोदाचा, अन् कोणी पडलं तं म्हणाचं पडणारा तुमच्या घरचा होता?”

व्हरांड्यातली सहा-सात माणसं दारात जमली होती. ती सगळी माना हलवत होती. मी तेवीस वर्षांचा, नोकरीला चार महिने झालेले. मी खोडलं आणि लिहिलं, ‘यंत्रात पाल शिरली. दोष यंत्राचा.’ सिस्टरनी वळणदार सही केली आणि मेलेली पाल कागदात बांधून मला दिली, कंपनीची वस्तू कंपनीकडे परत म्हणून. शेठने ती पुडी उघडली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या महिन्याच्या पगारातून माझ्या मोपेडच्या त्या फेरीचं पेट्रोल कापलं गेलं. व्हिजिट फुकट गेली तर तेल मेकॅनिकचं, असा आमच्याकडे कायदा होता.

मग हे यंत्र त्यांनी घेतलं तरी कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. दुसऱ्या फेरीला मी तो विचारला. सिस्टर म्हणाल्या, “हे चोरासाठी नाही गा बसवलं. पोरासाठी बसवलं.”

त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्यात मोठ्या कारखान्यात अधिकारी होता. चांगला मुलगा. दर महिन्याला पत्र, दर दिवाळीला येणं. त्याचं म्हणणं एवढंच की आईने आता एकटं राहू नये, पुण्याला यावं. डावीकडच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना एक्स-रेच्या खोलीसाठी जागा हवी होती, आणि ते घराला भाव चांगला देत होते. व्हरांड्यात रोज नवी अनोळखी माणसं झोपतात हे बघून मुलगा रात्री दोनदा उठून कड्या तपासायचा. शेवटी मायलेकांचा तह झाला. मुलाच्या पैशाने यंत्र बसवायचं, आणि जोवर आईचं सगळं नीट चाललंय असं दिसेल तोवर तिने नागपुरात राहायचं. काही कमी-जास्त दिसलं की घर विकायचं आणि पुणं. “पुणं वाईट नाही,” सिस्टर म्हणायच्या, “पण तिथं मले कोणी जीभ दाखवत नाही.”

तेव्हा भिंतीवरची ती पेटी म्हणजे सिस्टरच्या घराची जामीनदार होती. ती बिघडलेली त्यांना परवडणार नव्हती, आणि ती तर महिन्यातून एकदा बोंबलल्याशिवाय राहत नव्हती.

सिस्टर त्या पेटीला रोगी समजून वागायच्या. बाजूच्या खिळ्याला त्यांनी चार्ट टांगला होता, दवाखान्यात खाटेला टांगतात तसा. भोंगा किती वाजता वाजला, किती मिनिटं वाजला, त्याआधी काय झालं होतं, सगळं बारीक अक्षरात. चौथ्या फेरीला त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

“वाच. लाईट गेली, लाईट आली, रडलं. लाईट गेली, लाईट आली, रडलं. पाल सोडली तं दरवेळी हेच. निदान मी केलं. दवाई तू सांग.”

मी वाचलं आणि मनात म्हटलं, मेलो. त्यांचं निदान अगदी बरोबर होतं. गेलेली वीज परत यायची तेव्हा तिच्या धक्क्याने पेटीतला रिले नावाचा एक छोटा भाग आपोआप सुटायचा आणि भोंगा सुरू व्हायचा. शेठने हे रिले कुठून तरी स्वस्तात गठ्ठ्याने उचलले होते. मी दुकानात जाऊन त्याला सांगितलं. तो शांतपणे पान चघळत म्हणाला, “एकीचा बदलला तं सगळ्याइचा बदलाव लागन. अन् रोगी खडखडीत झाला तं डॉक्टर काय खाईन? तू धंतोलीत जाते ना रोज? तुले समजाले पायजे.”

पंचवीस रुपये या आकड्याचा सिस्टरना मनापासून राग होता. “मी घरी जाऊन सुई टोचते तं तीन रुपये घेते. टाके काढते तं पाच. अन् माहा रोगी बरा होते,” त्या म्हणायच्या. “तू दारात पाय ठेवला का पंचवीस, अन् तुहा रोगी पुढच्या महिन्यात पुन्हा बोंबलते. कोणत्या कॉलेजात शिकला?” मग पैसे द्यायची वेळ आलीच तर ते वसूल करायची त्यांची पद्धत होती. व्हिजिट म्हणजे पूर्ण एक तास, त्यांच्या पदराच्या घड्याळाप्रमाणे. पेटी दहा मिनिटांत झाली तर उरलेल्या पन्नास मिनिटांत मी त्यांच्या कूलरचा पंप साफ केला आहे, व्हरांड्यातला दिवा बदलला आहे, आणि एकदा काटोलच्या एका आजोबांचा चष्मा तारेने बांधून दिला आहे. तास भरला की त्या म्हणायच्या, “चाल, सुटी.”

त्या वर्षीच्या मे महिन्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे पायी गेलो. सीताबर्डी ते धंतोली काही लांब नाही, पण नागपूरचा मे आणि डोक्याला नुसता रुमाल. दारात पोचलो तेव्हा डोळ्यापुढे काजवे. सिस्टरनी मला खुर्चीत दाबलं, मनगट धरलं, घड्याळ बघितलं, आणि मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने पाजलं. मग म्हणाल्या, “मोपेड कुठं आहे?”

“आहे घरी.”

“काहून घरी आहे? आजारी आहे का?”

मी टाळायला बघितलं, पण त्या बाईपुढे भलेभले पोटातलं ओकायचे. मी सांगून टाकलं. तुम्ही भांडून भांडून व्हिजिट फुकट करून घेता, त्याचं तेल माझ्या पगारातून जातं. तीन वेळा झालं. चौथ्यांदा झालं तर घरी बस, असं शेठ म्हणालाय. बायकोला तिसरा महिना आहे, आणि खापरखेड्याला वडील वीज केंद्रातून यंदा रिटायर होताहेत.

सिस्टरनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. मग जो भडका उडाला तो असा, “हे आधी सांगाले काय झालं होतं? तोंडात थर्मामीटर होतं का? मी तिकडं जिंकून राहिली, जिंकून राहिली, अन् मार तुले पडून राहिला!”

त्या दिवसापासून आमचा नवा कारभार सुरू झाला. इतका उफराटा कारभार मी नंतर कुठे पाहिला नाही. भांडण त्यांनी सोडलं नाही. भांडल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. पूर्ण तासभर, चार्ट हातात घेऊन, व्हरांड्यातल्या पंचांसमोर त्या दोष यंत्राचाच आहे हे सिद्ध करायच्या. मी हरायचो. पंच माना हलवायचे. आणि मग आत येऊन, दार लोटून, त्या पंचवीस रुपये मोजायच्या आणि हळूच म्हणायच्या, “लिही, माही चूक.” केस जिंकायची आणि दंड भरायचा.

मी नको म्हटलं का? म्हटलं, पण असं की त्यांनी ऐकू नये. मला तेव्हा स्वतःची शरम वाटत होती आणि पगार पूर्ण येतोय याचा आनंदही होत होता, आणि दोन्हींत आनंद जरा जास्त होता हे कबूल करतो.

पहिल्या दोन वेळा मी लिहिलं, ‘ग्राहक किल्ली फिरवायला विसरली.’ तिसऱ्यांदा तेच लिहायला लागलो तेव्हा सिस्टरनी पेन धरलं. “दरवेळी हेच? वाचणाराले वाटन तू बसल्या बसल्या बनवून राहिला. थोडं बदलून लिही ना गा.” शेठही कधी कधी कार्ड तपासायचा, त्यामुळे मलाही ते पटलं. मग आम्ही दोघं चहा पीत पीत कारणं शोधायला लागलो. ‘ग्राहकाने चुकीची किल्ली लावली.’ ‘ग्राहक पुढच्या दाराऐवजी मागचं दार उघडून बसली.’ ‘यंत्र चालू आहे की बंद, हे ग्राहकाच्या लक्षात राहिलं नाही.’ सिस्टरना त्यात भलताच रंग चढायचा. एकदा त्यांनीच सांगितलं, “लिही, ग्राहक गोंधळली अन् स्वतःच्याच घरात चोर आला म्हणून वराडली.” आणि इतक्या हसल्या की पदराचं घड्याळ हलायला लागलं. मीही हसलो. खाली त्यांची तीच वळणदार सही. पावसाळ्यात लाईट सारखी जायची, त्यामुळे दिवाळीपर्यंत अशा अकरा सह्या झाल्या, आणि अकरा वेळा आम्ही चहा प्यालो. यात काही चुकतंय असं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दिवाळीत मुलगा आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यानेच दुकानात फोन केला. यंत्र काढून न्या, घर विकतोय. शेठने मला पाठवलं, आणि बजावलं की काढायलाही व्हिजिट चार्ज लागतो.

मी गेलो तेव्हा मुलगा आतल्या खोलीत टेबलापाशी बसला होता. पुढ्यात आमचं कार्ड. सिस्टर खाटेवर बसून, मांडीवर सूप घेऊन मेथी निवडत होत्या. मी आत आलो तरी त्यांनी मला घंटीवाला म्हटलं नाही, जीभ दाखव म्हटलं नाही. त्या गप्प होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली.

“तुम्हीच येता ना दरवेळी?” मुलगा म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. “बरं झालं तुम्ही सगळं नीट लिहून ठेवलंत. नाहीतर मला कळलंच नसतं. पत्रात ही म्हणते सगळं छान आहे.” आणि तो वाचायला लागला. किल्ली विसरली. पुन्हा विसरली. मग चुकीची किल्ली लावली. मग दार चुकली. मग लक्षात राहिलं नाही. मग गोंधळली, घाबरली, ओरडली. आम्ही चहाच्या नादात रचलेलं ते सगळं त्याच्या तोंडून ऐकताना मला घाम फुटला. तारखांच्या ओळीने वाचलं तर ती एका म्हातारीचं डोकं महिन्या-महिन्याने कसं जात चाललंय याची हकीकत होती, खाली तिच्याच सहीनिशी. एवढी अचूक रचना आम्ही ठरवून केली असती तरी जमली नसती.

“मी बाजूच्या डॉक्टरांना दाखवलं,” मुलगा म्हणाला. “ते म्हणाले, या वयात होतं असं. वेळेत लक्षात आलं हे बरं.” कार्ड वाचताना डॉक्टरांना सिस्टरचं डोकं दिसलं की एक्स-रेची खोली दिसली, ते मी सांगू शकत नाही.

मी सिस्टरकडे बघितलं. त्यांनी मेथीवरची नजर वर केली आणि मान अगदी थोडी हलवली. नको, बोलू नको. माझ्या बायकोला तेव्हा आठवा होता, आणि ते त्यांच्या ध्यानात होतं.

मला सांगायला लाज वाटते, पण मी ते ऐकलं. स्क्रूड्रायव्हर काढला आणि पेटीचे दोन स्क्रू सोडवलेसुद्धा. तिसऱ्या स्क्रूला हात लावला तेव्हा मागून मुलगा म्हणाला, “हिला आता स्वतःच्या घराचं दारसुद्धा कळत नाही हो.” ते त्याने रागाने म्हटलं नव्हतं. आणि ती बाई, जी व्हरांड्यातल्या तीस चपलांतली कुठली कोणाची हे न बघता सांगायची, ती मेथीची काडी हातात धरून ऐकत होती. माझ्याने पुढे होईना.

मी सोडवलेले स्क्रू परत बसवले. दोन्ही दारं लावली, किल्ली फिरवून यंत्र चालू केलं. मुलगा म्हणाला, “काय करताय?” मी म्हटलं, “बघा साहेब.” आणि घराचा मेन स्विच खाली पाडला. क्षणभर थांबून वर केला.

गच्चीवर भोंगा जो बोंबलला, तो दोन्ही दवाखान्यांतले रोगी उठून बसतील असा. घरात कोणी जागचं हललं नव्हतं. दारं बंद. मी किल्ली फिरवून तो बंद केला आणि पुढचं दार उघडलं, तर व्हरांड्यातून सावनेरचे एक काका डोकावले. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन व्हायचं होतं. ते आपण होऊन म्हणाले, “काही झालं नाही साहेब, लाईट आली असन. हे यंत्र लाईट आली का असंच बोंबलते. आमाले इथं आठ दिस झाले ना.”

मग मी सगळं सांगितलं. रिलेचं, शेठचं, पेट्रोलचं, चहाचं. सांगताना मुलाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून भिंतीकडे बघून सांगितलं. “बाईंची एकदाही चूक नव्हती. मला पगार मिळावा म्हणून त्या सही करायच्या.”

मुलाने खिळ्यावरचा चार्ट काढून वरपासून खालपर्यंत वाचला. मग वळून आईला म्हणाला, “म्हणजे यंत्र खोटं, कार्ड खोटं. ठीक आहे. पण आई, एका परक्या माणसासाठी तू अकरा वेळा स्वतःला वेडी लिहून घेतलंस. उद्या कोणी येऊन घराच्या कागदावर सही मागेल, तू देशील. तुला एकटीला ठेवायचं तरी कसं मी?”

खरं सांगतो, मला त्याचं म्हणणं पटलं. मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. सिस्टरनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. त्यांचा आवाज परत आला होता, पण थिएटरमधला नव्हे.

“इथं मी चुकली तं पंचवीस रुपये लागतात,” त्या म्हणाल्या. “भांडाव लागते, मोजाव लागते, सही कराव लागते. तुह्या घरी मी चुकली तं काय लागते रे? मागच्या वर्षी मी तिथं दोन महिने होती. दूध उतू गेलं तरी सून म्हणे, राहू द्या आई, तुम्ही बसा. नळ चालू राहिला, राहू द्या आई, तुम्ही बसा. एकदा तरी माह्यावर रागवा ना! साठ दिवस मी बसूनच होती.”

मुलाने कार्ड टेबलावर ठेवलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. सिस्टरनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. शेवटी मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “चांगला रिले कुठे मिळतो?”

इतवारीत मिळाला. दुसऱ्या दिवशी मी तो बसवला. मुलाने पैसे दिले, मी रिलेपुरते घेतले. डावीकडच्या डॉक्टरांना नकार सांगायला तो स्वतः गेला, आणि परत येताना म्हणे त्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पुण्याला जाण्याआधी त्याने आमच्या शेठला फोन करून जे काय सुनावलं, ते ऐकताना शेठचं पान तोंडातच राहिलं होतं. फोन ठेवला, पान थुंकलं आणि मला म्हणाला, “उद्यापासून येऊ नको.”

मी थेट सिस्टरकडे गेलो. खोटं कशाला बोलू, हळहळ ऐकायला गेलो होतो. चार गोड शब्द, डोळ्यांत पाणी, माझ्यामुळे तुझी नोकरी गेली रे बाबा, असं काहीतरी. सिस्टर व्हरांड्यात कोणाच्या तरी पायाची पट्टी बदलत होत्या. मी सांगितलं. त्यांनी गाठ मारली, हात धुतले, आणि विचारलं, “बायकोले मंगळवारी घेऊन येशील का? एकदा पाहून घेते, बाळ सरळ आहे का आडवं.”

मला राग आला. “सिस्टर, तुमच्यासाठी माझी नोकरी गेली, आणि तुम्ही मंगळवार काय सांगता?”

“माह्यासाठी नाही गेली,” त्या म्हणाल्या. “तू अकरा डाव खोटं लिहिलं, त्याच्यात गेली. मी अकरा डाव खोटी सही केली, त्याच्यात माहं घर जाऊन राहिलं होतं. तुले नोकरी दुसरी भेटन. मले घर नसतं भेटलं.”

मी चप्पल घालायला वळलो. त्या बाईचा मला इतका धाक होता आणि इतका लोभ होता की रडायला आलं तर ते बाहेर जाऊन रडावं, असं वाटत होतं.

“चालला कुठं?” मागून आवाज आला, थिएटरमधला. “आज तं तुले कोणाच्याच घरी जायचं नाही. चप्पल ओळीत ठेव अन् आत ये.”

आत गेलो तर त्यांनी दुसरं ताट घेतलं होतं.